रान गहाण टाकून दुबईला जाऊ का?

"मावशी, मी २६ वर्षांचा आहे. आयटीआय करून पाच वर्षं शिरोली एमआयडीसीत सीएनसी चालवतोय. एक एजंट दुबईत २,००० दिरहॅम पगार आणि राहायची सोय सांगतोय. दीड लाख मागतो. आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो, म्हणतो. वडील एकरभर उसाचं रान गहाण टाकायला निघालेत. आई चार दिवस धड जेवलेली नाही. काय करू?"
– करवीर तालुक्यातला एक वाचक

बाळा, तू जाऊ नयेस असं मी म्हणणार नाही. हातात कसब आहे, त्याला बाहेर चांगला दाम मिळत असेल तर जरूर जा. पण या माणसाच्या भरवशावर, या व्हिसावर आणि रान गहाण टाकून नको.

व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे. पगार थकला तर तक्रार कुठल्या कागदावर करशील? मालकालाही ते पक्कं ठाऊक असतं. आणि मुदत संपली की दिवसाला ५० दिरहॅम दंड चढायला लागतो.

आता दीड लाखाचं बघ. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात याचं नाव, परवाना आणि त्याची मुदत शोध. "मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणाला, तर त्या ऑफिसला तू स्वतः फोन लाव, तोही यादीतल्या नंबरवर.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असं छापलेलं असतं आणि आखातात कामाला जाण्याआधी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तू दहावी पास, तुला ती लागत नाही. म्हणजे तुझे कामाचे कागद सरकारकडून तपासले जाणार नाहीत. ते तुलाच तपासायचे आहेत.

ऑफर लेटर आलं की आधी मूळ पगार किती ते बघ. २,००० मध्ये मूळ पगार १,२०० आणि बाकी भत्ते असतील, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी १,२०० वरच धरतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, म्हणजे ८४० दिरहॅम. सगळे २,००० मूळ पगारात असते, तर १,४०० झाले असते. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच. तिथं पासपोर्ट मालकाच्या हातात देऊ नकोस. तो काढून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही.

वडिलांनी रान पुढं केलं ते तुझ्या मायेपोटी, हे मला दिसतंय. तरी त्यांना थांबव. कागद खरे असतील तर मेडिकल आणि इतर वरखर्च तुझ्या साठवलेल्या पैशातून निघेल. थोडे महिने थांबावं लागलं तरी चालेल.

आईला नुसतं "काळजी करू नको" म्हणू नकोस. तिच्याशेजारी बसून कंपनीचं नाव आणि राहण्याचा पत्ता तिला वाचून दाखव. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या झेरॉक्स तिच्या ट्रंकेत ठेव. परदेशी कामगारांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा १८००-११-३०९० हा नंबर वहीत लिहून दे.

सोमवारी एजंटकडे जा आणि कामाचा व्हिसा इथूनच मिळेल का, परवान्याचा नंबर काय आणि पैशांची पावती देणार का, एवढं विचार. काय म्हणाला ते मला कळव.