परदेशात ग्लायडर उडवण्यासाठी कोणता परवाना लागतो?

आपला प्रश्न असा आहे, की स्वतःच्या देशाचा ग्लायडर (सहसा इंजिनाशिवाय उडणारे विमान) परवाना असताना परदेशातील क्लबचे ग्लायडर उडवता येते का, आणि आपलेच ग्लायडर ट्रेलरवरून तिकडे नेले तर काय काय लागते. मी परदेशात ग्लायडर उडवले आहे आणि बाहेरून आलेल्या वैमानिकांची कागदपत्रे आमच्या क्लबात तपासतोही. माझ्या पाहण्यात बहुतेक जण ‘माझा परवाना त्या देशात चालतो का?’ इथून सुरुवात करतात. त्याआधी विचारायला हवे ते हे, की ज्या ग्लायडरमध्ये आपण बसणार आहात त्याची नोंदणी कोणत्या देशाची आहे.

याचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. त्याच्या ३२व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे, ते विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा त्या देशाने वैध ठरवलेला परवाना असावा लागतो. म्हणून फ्रान्समधील मैदानावर ‘डी’ने सुरू होणारी नोंदणी असलेले ग्लायडर उभे असेल, तर ते जर्मनीचे आहे आणि परवान्याचा विचार जर्मनीपासून सुरू होतो, उड्डाणाचे आणि हवाई क्षेत्राचे नियम मात्र फ्रान्सचे पाळावे लागतात. एक गोष्ट इथेच सांगतो: उभ्या शेपटीवर ठळक रंगवलेली दोन-तीन अक्षरे ही बहुधा स्पर्धेची ओळखखूण असते. नोंदणी वेगळी लिहिलेली असते आणि खात्री करायची तर नोंदणी प्रमाणपत्रच पाहावे.

युरोपीय संघात हा गुंता बराच सुटला आहे. २०१८ च्या १९७६ क्रमांकाच्या नियमावलीखाली दिला जाणारा ग्लायडर परवाना, म्हणजे एसपीएल, सर्व सदस्य देशांत आणि त्या व्यवस्थेत सहभागी असलेल्या स्वित्झर्लंडसारख्या देशांतही चालतो. ब्रिटनचे परवाने मात्र १ जानेवारी २०२१ पासून या व्यवस्थेबाहेर गेले. संघाबाहेरचा परवाना असेल, तर तेथील नोंदणीच्या ग्लायडरसाठी एखाद्या सदस्य देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाकडून तो वैध करून घ्यावा लागतो आणि अशी वैधता जास्तीत जास्त एक वर्षाची असते. शिवाय परवाना खिशात असणे आणि तो वापरण्याचा हक्क शाबूत असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. एसपीएलधारकाला ग्लायडरसाठी मागील २४ महिन्यांत किमान ५ तास, १५ उड्डाणे आणि प्रशिक्षकासोबत २ प्रशिक्षण उड्डाणे दाखवावी लागतात. ग्लायडर जमिनीवरून वर नेण्याच्या पद्धतीचाही हिशेब वेगळा असतो. आयुष्यभर विंचवरूनच, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढूनच, उडालेला वैमानिक डोंगराळ भागातल्या अशा मैदानावर पोहोचतो, जिथे फक्त विमानामागे दोर बांधून वर नेतात. त्या पद्धतीची नोंद लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, नसेल, तर प्रशिक्षकासोबत ती शिकून घेईपर्यंत त्याला एकट्याने उडता येत नाही. मला हा नियम पूर्णपणे योग्य वाटतो, कारण दोराच्या टोकाला होणारी चूक सावरायला फार थोडे सेकंद मिळतात.

अमेरिकेत ‘एन’ नोंदणीचे ग्लायडर उडवायचे असल्यास आपल्या परदेशी परवान्याच्या आधारे तेथील खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवता येते. त्यासाठी तेथील विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, आधी आपल्या देशाकडून परवान्याची पडताळणी करून घेते. या पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या किमान तीन महिने आधी अर्ज करावा. हे प्रमाणपत्र मूळ परवान्यावर अवलंबून असते, त्यामुळे दोन्ही जवळ ठेवावेत. त्याशिवाय प्रशिक्षकासोबतची दर २४ महिन्यांची उड्डाण-उजळणी आणि ग्लायडर वर नेण्याच्या पद्धतीची लॉगबुकातील नोंद तिथेही लागते.

वैद्यकीय प्रमाणपत्रावर अनेकांची गाडी अडते. अमेरिकेचे नियम ग्लायडर वैमानिकाकडे असे प्रमाणपत्र मागत नाहीत, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मानक दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र मागते. देशांतर्गत सवलतीवर दिलेले प्रमाणपत्र सीमेपलीकडे गृहीत धरू नये. वैधतेचा अर्ज करतानाच हा मुद्दा लेखी विचारून घ्यावा.

आता स्वतःचे ग्लायडर. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, युरोपात त्यासोबतचे मुदतीतले तपासणी प्रमाणपत्र, रेडिओचा परवाना आणि विम्याचा दाखला हे मूळ स्वरूपात न्यावेत. आपले ग्लायडर जुने, घरी बांधलेले किंवा प्रायोगिक वर्गातले असेल आणि केवळ राष्ट्रीय उड्डाण-परवानगीवर उडत असेल, तर ज्या देशात जायचे आहे त्याची वेगळी संमती लागू शकते. ती हातात येईपर्यंत ट्रेलर जोडू नये असे माझे ठाम मत आहे. रेडिओही तपासा, कारण युरोपात ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्यांचे रेडिओ काही अपवाद वगळता सक्तीचे आहेत.

विम्यात वजनाचा आकडा निर्णायक ठरतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार त्रयस्थांसाठीचे किमान संरक्षण कमाल वजन ५०० किलोपेक्षा कमी असल्यास साडेसात लाख एसडीआर असते, तर ५०० ते १००० किलोंच्या गटात पंधरा लाख. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. इथे प्रमाणपत्रातले कमाल वजन धरले जाते, त्या दिवशीचे प्रत्यक्ष वजन नव्हे. पंखांत पाणी भरता येणाऱ्या कित्येक एकआसनी ग्लायडरांचे कमाल वजन ५२५ किलो असते, म्हणून पाणी न भरता उडालात तरी ती वरच्याच गटात मोडतात.

शेवटची बाब सीमेची आणि जकातीची. फ्रान्सच्या आल्प्समधून निघून ग्लायडरला वर उचलणारे हवेचे प्रवाह संपल्यामुळे स्वित्झर्लंडच्या शेतात उतरावे लागले, तर परवाना चालतो, पण तो देश युरोपीय संघाच्या जकात क्षेत्रात नाही. शिवाय सीमा ओलांडताना सामान्यतः उड्डाण-आराखडाही द्यावा लागतो. अशा वेळी कोणाला कळवायचे, हे यजमान क्लबकडून उड्डाणाआधीच विचारून दूरध्वनी क्रमांकासह नकाशावर लिहून ठेवावे.