डिग्री आपली, दुकान दुसऱ्याचं

प्रश्न : सर, मी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या रावेसाठी, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहतोय. माझा मित्र व्हेटर्नरीला आहे, तो म्हणतो पास झालो की कौन्सिलचा नोंदणी नंबर मिळणार. मग आपण ॲग्रीवाल्यांनी कुठं नोंदणी करायची? व्हॉट्सॲपवर एक जण दोन हजारात 'कृषी कौन्सिल रजिस्ट्रेशन' करून देतो म्हणतोय. आणि इथला एक कृषी सेवा केंद्राचा दुकानदार म्हणतो तुझी डिग्री माझ्या परवान्याला लावू दे, वर्षाला पंधरा हजार देतो, तू काहीच करायचं नाही. घेऊ का?

उत्तर : आधी ते दोन हजार खिशातच ठेव. व्हेटर्नरीवाल्यांसाठी 1984 चा वेगळा कायदा आहे, नोंदणीशिवाय त्यांना प्रॅक्टिसच करता येत नाही. ॲग्रीसाठी आपल्याकडे असा कायदाच नाही, मग नंबर देणार कोण? आयसीएआरच्या, म्हणजे देशाच्या कृषी संशोधन परिषदेच्या, नावात कौन्सिल आहे, पुण्यात कृषी परिषद आहे, त्यामुळं पोरांचा दरवर्षी घोळ होतो, पण या संस्था शिक्षण-संशोधन बघतात, तुझंमाझं नाव नोंदवून घेत नाहीत.

आपल्याकडे डिग्रीची खरी किंमत कळते ती परवान्याला. कृषी सेवा केंद्र काढायचं तर बियाणं, खत आणि कीटकनाशक असे तीन वेगळे परवाने लागतात, जिल्ह्याच्या कृषी खात्याकडनं. यातल्या खास करून कीटकनाशकाच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे, ॲग्रीची डिग्री असली की काम झालं, नसली तर मग जुने दुकानदार 48 आठवड्यांचा डेसी, म्हणजे बी-खत-औषध विक्रेत्यांसाठीचा, डिप्लोमा करतात, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा. म्हणजे तुझा तो दुकानदार वर्षभर दर आठवड्याला वर्गात बसायचं वाचवतोय आणि तुला देतोय पंधरा हजार. महिन्याचे साडेबाराशे झाले रे, तेवढ्यात तुझं पेट्रोल भागत नाही!

पैशाचं सोड. कागदावर तुझं नाव लागलं की उद्या सॅम्पल फेल गेला, मुदत संपलेली बाटली सापडली, तर इन्स्पेक्टर आधी तो कागद बघतो. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा बातम्यांमध्ये नुसती कंपन्यांची नाही तर गावोगावच्या कृषी केंद्रांची पण चर्चा होती. तू तेव्हा कुठंतरी एमपीएससीचा अभ्यास करत बसलेला असशील आणि कपाटातली बाटली कुणी कुणाला दिली हे तुला माहीतसुद्धा नसेल. तर नको. दुकानात रोज बसणार असशील, पगार ठरणार असेल, तर जरूर बस, शिकायला मिळेल. स्वतःचंच काही काढायचं असेल तर ॲग्रीक्लिनिकची, म्हणजे ॲग्रीवाल्यांनी स्वतःचा सल्ला-सेवेचा धंदा काढावा म्हणून असलेली, सरकारी योजना बघ, 2002 पासून चालू आहे, 45 दिवसांचं ट्रेनिंग असतं आणि पुढं बँकेच्या कर्जाला सबसिडीची सोय.

प्रश्न : मुलीनं मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय. लॅब टाकून रिपोर्टवर सही करता येईल का?

उत्तर : रक्त-लघवीच्या रिपोर्टवर नाही. सुप्रीम कोर्टानं 2017 ला सांगितलंय की तिथं पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते. कुणी 'सही मॅनेज करतो' म्हणालं तर वरचं उत्तर परत वाचा, गोष्ट तीच आहे.

पण अन्नाच्या लॅबचा रस्ता आहे, तो फार कुणी सांगत नाही. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायची, फूड टेस्टिंगचा तीन वर्षांचा अनुभव घ्यायचा आणि एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, फूड ॲनालिस्टची परीक्षा द्यायची. पास झाली आणि फूड ॲनालिस्ट म्हणून नेमणूक झाली की दुधातुपातल्या भेसळीच्या रिपोर्टवर सही तिची. एवढं थांबायचं नसेल तर फूड सेफ्टी ऑफिसरच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, त्या पदाला मायक्रोबायोलॉजीची डिग्री चालते.