पेट्रोलची वही

"पेट्रोल एवढं महाग, फिरायचं कसं?" एकजण म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं, "फिरायचंच नव्हतं तर गाडी घेतली कशाला?" २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून चिपळुणात माझ्याकडे समुपदेशनाला येणारी कितीतरी जोडपी याच वादाने सुरुवात करतात. म्हणून एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गुहागरकडचं पन्नाशीतलं जोडपं. वहिनींना कित्येक वर्षं अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं होतं. दादा दर वेळी म्हणत, "पुढच्या महिन्यात बघू." पहिल्याच भेटीत त्यांनी गाडीतली वही माझ्यापुढे ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. वळणदार अक्षर, एक ओळ चुकलेली नाही.

"मॅडम, बघा तुम्हीच. पैसे काय झाडाला लागतात?"

वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या.

मी हिशेबात शिरले नाही. भांडण खर्चावरून असलं, तरी त्या खर्चाचा प्रत्येकाने मनात काय अर्थ लावलाय ते आधी शोधावं, असं मी मानते. तिसऱ्या भेटीत वहिनींच्या हातात लाल पेन दिलं. "ज्या फेरीला तुम्ही दोघं गाडीत होतात, तिथे खूण करा."

सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. खुणा झाल्या तीन. एक लग्न, एक बारावं, एकदा डोळ्यांचे डॉक्टर.

दादांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमचे बाबा एसटीचे पैसे वाचवायला तांदळाचं ओझं घेऊन घाटी चढायचे. काम नसताना गाडी काढली की तेच दिसतात मला."

"अहो, हे कधी बोलला नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्यासाठी पेट्रोल जाळणं तुमच्या जिवावर येतं."

अशा क्षणासाठी मी हे काम करते. दादांना फिरणं म्हणजे बाबांच्या कष्टांशी बेइमानी वाटत होती, आणि वहिनी दर नकारात आपली किंमत वाचत होत्या. पेट्रोल दहा रुपयांनी उतरलं असतं, तरी हे मिटलं नसतं.

मग वही वेगळी दिसू लागली. पेट्रोल जात होतं सुट्या फेऱ्यांत. सकाळी बँक, दुपारी गॅरेज, संध्याकाळी परत बाजार. कामं एका फेरीत बसवली. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून ती नियमित तपासायची ठरली. अंजर्ल्याला चिपळूण-खेडचा वळसा टाळून धोपावे-दाभोळ फेरीबोट धरली, तर रस्ता जवळपास निम्मा होतो. आणि दर वेळी गाडीच कशाला? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, फिरण्याचे पैसे पगार झाला की बाजूला काढा. "उरले तर जाऊ" म्हटलं की ते उरत नाहीत. ठिकाण आळीपाळीने निवडा. या महिन्यात जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा, पण लगेच पुढची तारीख धरा. 'नाही' पचतं हो, 'बघू' वर्षानुवर्षं सलत राहतं.

दिवाळीनंतर दोघं भेटून गेले. वहीत अंजर्ल्याच्या ओळीशी फेरीबोटीची पावती टाचलेली होती. आता वहिनींना गणपतीपुळ्याला जायचंय, तेही गाडीने, तवसाळ-जयगड बोटीवरून. दादांचं म्हणणं, एसटीने जाऊ. घासाघीस चालू आहे.