बडोद्यात राहतो, प्रवाळाच्या टाकीसाठी खंभातच्या आखाताचे पाणी वापरावे का?

नाही, बडोद्याला तेच सर्वांत जवळचे असले तरी खंभातच्या आखाताचे पाणी प्रवाळाच्या टाकीत मुळीच घालू नये. मही, नर्मदा, साबरमती आणि तापी या नद्या तेथे गोडे पाणी व गाळ आणतात, प्रचंड भरती-ओहोटीमुळे तो गाळ सतत ढवळलेला राहतो, आणि बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणीही कालव्याने महीच्या मुखाकडेच सोडले जाते. प्रवाळाला मात्र दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्प असलेले नितळ पाणी लागते, म्हणून आर.ओ.-डी.आय. (गाळणीने व रेझिनने जवळजवळ सर्व क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात प्रवाळासाठीचे तयार मीठ मिसळणेच योग्य. किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात भरलेले पाणी गाळून व क्षारता मोजून वापरता येते, परंतु पावसाळ्यातले नको, आणि बंदराजवळचेही नको, कारण तेथील होड्यांच्या तळाला लावलेल्या रंगातील तांबे प्रवाळाला अल्प प्रमाणातही घातक ठरते.