डोंगरावरचा बर्फ लवकर वितळला तर झाडा-प्राण्यांचा फायदाच नाही का?

तुम्ही विचारलंय की उंच डोंगरांवर जमीन जेमतेम तीन-चार महिने उघडी असते, मग बर्फ महिनाभर आधी गेला तर झाडांना वाढायला महिनाभर जास्तच मिळेल, यात अभ्यासकांना काळजी कसली? मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, वर्गात हा प्रश्न हमखास येतो. हिशेब वरवर बिनचूक आहे. फक्त त्यात बर्फ गेला म्हणजे थंडी गेली असं गृहीत धरलंय, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे.

बर्फ ही जमिनीवरची गोधडी आहे. भुसभुशीत बर्फात बरीचशी हवाच अडकलेली असते. त्यामुळे हातभर थर असला की वर उणे वीस का असेना, खाली मातीचं तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं. मुळं, कोंब, किडे, उंदरांसारखे बारके प्राणी त्याच आडोशाला हिवाळा काढतात. थर पातळ झाला किंवा लवकर गेला की उघडी माती आधीपेक्षा जास्त गारठते. हवा तापतेय आणि माती गोठतेय, असा उफराटा प्रकार होतो.

या विषयातल्या सगळ्यात भरवशाच्या नोंदी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गॉथिक इथल्या आहेत. साधारण २,९०० मीटर उंचीवर तिथे रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी आहे. डेव्हिड इनोये आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकापासून ठरावीक चौकटींमधली फुलं मोजत आलेत. बिली बार नावाचे गृहस्थ तर तिथे एकटे राहून, कुणी सांगितलं नसताना, जवळपास तितकीच वर्षं बर्फाची जाडी आणि वसंतात कोणता प्राणी, कोणता पक्षी पहिल्यांदा कधी दिसला ते वहीत टिपून ठेवत आले. वेळ घालवायला सुरू केलेल्या त्या वह्या पुढे शास्त्रज्ञांना सोन्यासारख्या उपयोगी पडल्या.

तिथे अ‍ॅस्पेन सनफ्लॉवर नावाचं सूर्यफुलाच्या कुळातलं एक रोप आहे. बर्फ हटला की त्याच्या कळ्यांची वाढ सुरू होते. पूर्वी बर्फ उशिरा जायचा, त्यामुळे जूनमध्ये एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरला तरी कळ्या अजून वर आलेल्याच नसत. आता बर्फ आधी जातो, कळ्या आधी येतात, पण जूनमधली ती गोठवणारी रात्र काही त्या प्रमाणात आधी सरकलेली नाही. कळ्या टप्प्यात येतात आणि करपतात. १९९२ ते १९९८ या काळात सरासरी सुमारे ३६ टक्के कळ्या अशा मरत होत्या. १९९९ ते २००६ मध्ये हेच प्रमाण सुमारे ७४ टक्के झालं. रोप मरत नाही, ते अनेक वर्षं जगणारं आहे. पण त्या वर्षी बी धरत नाही, आणि त्या बियांवर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्यांचीही उपासमार होते.

दुसरी भानगड अशी की प्रत्येक जीव ऋतू वेगळ्या खुणेवरून ओळखतो. बहुतेक डोंगरी रोपं बर्फ जाण्याची वाट बघतात. मार्मोट, म्हणजे बिळात शीतनिद्रा घेणारी मोठी गुबगुबीत खार, हवेच्या उबेवर उठते. १९७६ ते १९९९ या काळात गॉथिकचे मार्मोट ३८ दिवस आधी बाहेर यायला लागले, पण त्या वर्षांत बर्फ जाण्याची तारीख मात्र फारशी हलली नव्हती. उठावं तर बाहेर बर्फच, खायला काही नाही. उलट मेक्सिकोकडून येणाऱ्या रुंद शेपटीच्या हमिंगबर्डला इथला बर्फ गेला की नाही हे तिकडे बसून कळणार कसं? त्याचं येणं आणि त्याला मध पुरवणाऱ्या ग्लेशियर लिलीचं पहिलं फूल यांच्यातलं अंतर चार दशकांत सुमारे १३ दिवसांनी कमी झालं, कारण फुलं झपाट्याने आधी येऊ लागली. असंच चाललं तर तो पोचण्याआधीच फुलं येऊ लागतील.

तुमच्या बाजूनेही बोलायला हवं. गॉथिकमधल्या ६० जातींच्या ३९ वर्षांच्या नोंदींनुसार फुलांचा हंगाम एकूण ३५ दिवसांनी लांबलाय. मार्मोटांना त्याचा फायदा झाला: उन्हाळ्यात ते जास्त जगू लागले, जास्त चरबी साठवू लागले. पण पुढच्या अभ्यासात दिसलं की हिवाळ्यात, विशेषतः पिल्लांचं, जगण्याचं प्रमाण घटतंय. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

आणि हे सगळं फक्त तापमानामुळे होत नाही. वाळवंटातली धूळ उडून बर्फावर बसली की तो मळकट होतो, जास्त ऊन शोषतो आणि काही आठवडे आधी वितळतो. एरवी दक्षिण उतार आधी मोकळा होतो, खळगे आणि सावलीतल्या जागा शेवटी. त्यामुळे फुलं टप्प्याटप्प्याने येतात आणि मधमाश्यांना दीर्घकाळ पुरतात. धुळीमुळे हा मागेपुढेपणा कमी होतो. माझ्या मते यावर जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

आल्प्समध्येही कल हाच आहे. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींत १९७० च्या तुलनेत बर्फ सरासरी १२ दिवस उशिरा साचतो आणि २६ दिवस आधी जातो. असं बर्फ उशिरा साचणं उत्तर अमेरिकेतल्या हिमसशाला (स्नोशू हेअर) महागात पडतं. तो हिवाळ्यात पांढरा होतो, पण फर बदलायची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते, बर्फावर नाही. तपकिरी जमिनीवर पांढरा ससा म्हणजे शिकाऱ्याला आयतं आमंत्रण, आणि आपण उठून दिसतोय हे सशाला कळत असल्याची काही लक्षणं दिसत नाहीत. मात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ कमी टिकतो, तिथले काही हिमससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. तो गुण त्यांच्यात पूर्वी कधीतरी जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीशी झालेल्या संकरातून आलाय, हे २०१८ मध्ये जनुकं तपासून दाखवलं गेलं. जिथे पांढरे आणि तपकिरी दोन्ही एकत्र राहतात, तिथे नैसर्गिक निवडीला निदान वाव तरी आहे.