हॅम्बुर्गला येताय, तर हेही बांधून आणा

तुम्ही विचारलंय: नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑक्टोबरात जर्मनीत, हॅम्बुर्गला येतेय, पूर्वी एकदा डिप्रेशन होऊन गेलंय, तर घरची आठवण कुठली आणि आजार कुठला हे कसं ओळखू? मी इथे नऊ वर्षं आहे. दुसऱ्या हिवाळ्यात मला स्वतःचंच ओळखता आलं नव्हतं.

रडू येत नव्हतं, म्हणून वाटायचं की मी बरी आहे. आधी आमटीला फोडणी द्यायचा कंटाळा आला, मग आमटीचाच. पहाटे चारला जाग यायची. पत्रं न फोडता बुटांच्या कपाटावर साठत गेली (इथली सरकारी कचेरी अजून पत्रानेच बोलते, ढीग लवकर वाढतो). रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की ‘नेट नीट नाहीये’ म्हणून कॅमेरा बंद. नेट उत्तम होतं.

घरची आठवण येते आणि जाते. दिवाळीत डोळे भरतात, पण कुणी चकली पुढे केली की खावीशी वाटते. तीही नकोशी झाली, झोप-भूक बिघडली, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटू लागलं आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं, तर डॉक्टर गाठा. डिसेंबरात इथे साडेआठला उजाडतं आणि चारला मावळतं. ‘थंडीमुळे असेल’ म्हणत मी तीन महिने घालवले.

आधी हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर. थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. थेरपिस्टची पहिली भेट ११६११७ या फोन नंबरवर मिळवून देतात. सरकारी विमा असेल तर खर्च तोच करतो, पण पुढच्या नियमित थेरपीला काही महिने थांबावं लागू शकतं. ऑफिसात कळेल म्हणून मी टाळत होते. आजारपणाच्या रजेत कंपनीला निदान कळवत नाहीत, हे फार उशिरा समजलं. जीव द्यायचे विचार आले तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, लगेच ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन. रात्री नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर ०८०० १११ ० १११, चोवीस तास, फुकट.

जुनं प्रिस्क्रिप्शन आणताना ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. गोळ्या चालू असतील तर सामानाच्या गडबडीत मनाने बंद करू नका. आणि तुमच्या आजाराची सुरुवात कशाने होते, ते नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. माझ्या नवऱ्याला ती पत्रं दिसली, तेव्हा डॉक्टरला फोन त्यानेच लावला.