क्रमांक घसरला म्हणजे लाचखोरी वाढली?

भ्रष्टाचाराचा निर्देशांक जाहीर झाला की माझ्याकडे तेच ते प्रश्न नव्याने येऊ लागतात. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतो.

या क्रमवारीसाठी मला किंवा माझ्या ओळखीच्या कुणालाही कधी काही विचारलेलं नाही. असं कसं?

त्यात तज्ज्ञांची आणि उद्योजकांची मतं असतात, सामान्य नागरिकांची नाहीत.

आमचा देश यंदा चार क्रमांकांनी खाली आला. म्हणजे भ्रष्टाचार वाढला, असंच ना?

नाही. हे ‘असंच ना’ बंद व्हावं म्हणून तर मी लिहीत असतो. भ्रष्टाचारविरोधी काम करणारी ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून हा निर्देशांक काढते. त्यासाठी ती स्वतः घरोघर फिरत नाही. इतर संस्थांच्या पाहण्या आणि मूल्यमापनं एकत्र करून ० ते १०० पैकी गुण देते. १०० म्हणजे अत्यंत स्वच्छ. एखाद्या देशासाठी असे तीन तरी स्रोत मिळाले नाहीत, तर तो यादीत येतच नाही. यादीत तुमच्या खालच्या चार देशांचे गुण तुमच्यापुढे गेले, तर तुमचे आहेत तेवढेच राहूनही क्रमांक घसरतो. म्हणून आधी गुण पाहा, मग त्यासोबत दिलेली त्रुटीमर्यादा, म्हणजे ते गुण किती इकडेतिकडे असू शकतात ते, पाहा. एक-दोन गुणांचा फरक बहुतेकदा तिच्यातच विरून जातो. २०१२ मध्ये पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीच्या गुणांशी आजच्या गुणांची तुलना करायचीच नाही. तरी तसे आलेख दरवर्षी फिरतात!

शिवाय हे मोजमाप त्या तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या समजाचं आहे, आणि तेही फक्त सरकारी क्षेत्राबद्दलच्या. करचुकवेगिरी आणि काळ्या पैशाची धुलाई त्यात धरलेली नाही. त्यामुळे ज्या देशाच्या बँका परक्यांची लूट सांभाळतात, तो देशही यादीत वर दिसू शकतो. आकडा छापायचा किंवा भाषणात वापरायचा असेल, तर आधी संख्याशास्त्र जाणणाऱ्याला दाखवा.

समज कशाला मोजायचा? लाचखोरीचे खटले मोजा की.

खटले वाढले ते लाचखोरी वाढल्यामुळे की तपास सुधारल्यामुळे, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही.

मग प्रत्यक्ष मोजता येतच नाही का?

येतं, पण मेहनत लागते. इंडोनेशियात अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी गावांत नव्याने बांधलेले रस्ते खणून नमुने घेतले आणि दाखवलेला खर्च खऱ्या खर्चाशी ताडून पाहिला. लेखापरीक्षण होणारच असं आधी सांगितलेल्या गावांत गायब रकमेचं प्रमाण सुमारे ८ टक्के-बिंदूंनी कमी निघालं. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात सरकारी अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होतं. पुढे रकमा वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या आणि शाळांच्या हाती पडणारा वाटा बराच वाढला. तुमच्या संस्थेला असं काही करायचं असेल, तर आराखडा अनुभवी संशोधकाकडून तपासून घ्या.

पगार वाढवले की वरकमाई थांबते, असं सगळेच म्हणतात.

सगळे म्हणोत. घानात २०१० मध्ये पोलिसांचे पगार दुप्पट झाले, तर महामार्गावर ट्रकचालकांकडून पैसे उकळण्याचा जोर उलट वाढला. निर्णय एकाच माणसाच्या हाती, त्याच्या मर्जीने आणि विचारणारं कुणी नाही, असं असेल तर नुसत्या पगाराने काही हलत नाही.

एक सल्लागार कंपनी आमच्या कार्यालयाची ‘पारदर्शकता श्रेणी’ सहा महिन्यांत सुधारून देईन म्हणते. घ्यावी का?

श्रेणी देणारी तीच आणि सुधारणारीही तीच. पैसे देऊ नका. दिले असतील, तर करारपत्र घेऊन वकिलाकडे जा.

परवान्यासाठी पैसे मागितले गेले, त्याला आठ महिने झाले. तक्रार करावी की आणखी वाट पाहावी?

आठ महिने कशाची वाट पाहिलीत? तारीख, वेळ, रक्कम आणि नेमके शब्द आज लिहून ठेवा, संदेश खोडू नका. गुपचूप ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी मात्र थांबा. त्याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. तक्रारीची मुदत आणि तक्रारदाराला मिळणारं संरक्षण यांचंही तसंच. या आठवड्यातच वकिलाला भेटा. मला पुन्हा पत्र लिहिण्यात आणखी वेळ घालवू नका.